टाकीजवळच्या ओळी

४ ऑक्टोबर

चिमटाबाई,

माझा फोन नंबर बंद केलास, ठीक आहे. पत्ता बंद करता येत नाही. आणि हे पत्र तुला न उघडता फेकताही येणार नाही, कारण ते मातीच्या पिशव्यांखाली घातलंय. तुझ्या प्रयोगासाठी माती तर तुला हवीच आहे. म्हणजे खोकं उघडशील, पिशव्या बाहेर काढशील आणि तळाशी मी सापडेन. आता बस बोंबलत.

तुझं खोकं काल आलं. आईच्या नावानं. शेत आईचं, परवानगीवर सही आईची, तेव्हा नाव तिचं असणार हे मलाही कळतं. पण आत पत्र काय, तर ‘माननीय शेतकरी भगिनी’! अगं, आमच्या घरी येऊन आईच्या हातचं पोटभर जेवून गेलेली तू. डबासुद्धा बांधून नेलास एकदा, तो डबा अजून तुझ्याकडेच आहे. आईनं चष्मा लावून पत्र दोनदा वाचलं आणि मला विचारलं, “ही तीच ना, खिशात कायम चिमटा घेऊन फिरायची ती?”

“हो.”

“मग मी हिची भगिनी कधीपासून झाले?”

ताई भांडी विसळत होती. ती म्हणाली, “आई, तू तिची बहीण झालीस, म्हणजे हा तिचा भाचा झाला. मिटला प्रश्न.”

घरभर हशा. मी उठून बाहेर गेलो. तुला हसू येत असेल तर हस, मला काही फरक पडत नाही.

बाबांनी टेम्पो धुता धुता पाकीट उलटंपालटं करून बघितलं. “बुरशी? पार्सलनं? आपल्या न्हाणीघराच्या भिंतीवर फुकट आहे की!” मग मीच त्यांना समजावलं. म्हटलं, ही वेगळी. ही मुळांशी दोस्ती करते. आपल्या घेवड्याच्या मुळात सूत्रकृमी शिरतात, डोळ्यांना दिसणारही नाहीत असले बारीक दोरे, आणि आत बसून मुळाला गाठी आणतात. ही बुरशी त्यांच्या आधी जाऊन मुळात बिऱ्हाड थाटते. मग त्या भाडेकरूंना जागा राहत नाही. बाबा म्हणाले, “मग तू कॉलेज कशाला सोडलंस? चांगलं शिकवतोस की.”

बघ. घरात सगळे असे टपून बसलेले असतात.

तुझ्या पत्रातली दुसरी गोष्ट आईला कळली नाही, पण मला कळली. तीन शेतांपैकी एकात कालवा फुटून पाणी शिरलं, दुसऱ्याच्या मालकानं मध्येच नांगर घातला. उरलं आमचं. आणि या हंगामात काही हाती लागलं नाही तर दुर्बीण सर तुझा विषयच बदलणार. तो माणूस करेल तसं. चष्म्याच्या वर आणखी भिंग लावणाऱ्याला समोरचा माणूस कधी दिसलाय का? त्याच्यापायीच मी कॉलेज सोडलं. म्हणजे तुझ्यापायी. तू ते विसरलीस, मी नाही.

काळजी करू नकोस. तुझं शेत मी उभं करून दाखवतो.

भडका

(हे नाव तूच ठेवलंयस. दुसरं कुणी या नावानं हाक मारत नाही. कुणाची हिंमत नाही.)


१८ ऑक्टोबर

चिमटाबाई,

उत्तर आलं. आईच्या नावानं, टाइप केलेलं, एका ओळीचं: ‘नमुने उन्हात वाळवू नयेत, सूत्रकृमी मरतात.’

मेले तर बरंच ना? त्यासाठीच चाललंय ना हे सगळं? मातीखाली पत्र ठेवलं, त्याबद्दल एक अक्षर नाही. ‘मिळालं’ एवढं तरी लिहायचंस. ‘पुन्हा लिहू नकोस’ लिहायचंस. राग तरी पोचला असता. या खेपेला माती ओलीच पाठवतोय, सावलीत ठेवून, तुझे लाडके किडे जिवंत पोचतील.

पेरणी झाली. अर्ध्या शेताला लाल फीत, म्हणजे बुरशीची बाजू. अर्ध्याला पांढरी, तिथं नुसतं बी. बुरशीची भुकटी मी स्वतः घातली, कुणाला हात लावू दिला नाही. सरीत आधी चिमूटभर भुकटी, वर दाणा, वर माती. सगळ्या सऱ्या गुडघ्यांवर बसून. भुकटीला तळघरासारखा वास येतो, तुमच्या प्रयोगशाळेतल्या त्या कोपऱ्यासारखा, जिथं फ्रिज होता आणि तू डबा खायचीस. हाताचा वास दुसऱ्या दिवशीही जात नव्हता. मी फारसा धुतलाही नाही.

सूचनांचा कागद पत्र्याच्या शेडमध्ये खिळ्याला लावलाय. ‘दोन्ही बाजूंना सगळं सारखं द्यावं. ठरल्यापेक्षा जास्त काहीही देऊ नये.’ खाली दोन रेघा. त्या रेघा हातानं मारल्यात, ते मला दिसतं. पट्टी न धरता मारलेली तुझी रेघ शेवटाला वर जाते.

ताईशी भांडण झालं. तिनं मला खोक्यात पत्र घालताना पकडलं.

“तिनं नको म्हटलंय ना तुला?”

म्हटलं, “नको असं म्हणाली नाही. ती म्हणाली, मी तुला सांगितलं होतं का?”

“मग? सांगितलं होतं का?”

ताईला काय माहीत तिथं काय झालं ते. पूर्ण वर्गासमोर तो दुर्बीण तुला बोलला. तुझ्या काचेच्या ताटल्यांत भलतंच काहीतरी वाढलं म्हणून. तू मान खाली घालून उभी. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी गेलो आणि त्याच्या टेबलावरचा सगळा ताटल्यांचा ढीग एका हातानं खाली लोटला. त्यातल्या चांगल्या निघालेल्या ताटल्या तुझ्याच होत्या आणि त्यानं त्या जपून ठेवल्या होत्या, हे मला कुणी सांगितलं होतं का? आवाज तरी कसला झाला! पुढं तो काही म्हणायच्या आत मी म्हणालो, असलं कॉलेज नको मला. आणि निघालो. मागं वळून बघितलं तर तू काचा वेचत होतीस. चिमट्यानं.

अजून मला वाटतं तू तेव्हा माझ्यामागं यायला हवं होतंस. काचा कुणीही वेचल्या असत्या.

असो. परवा बाजारात गेलो होतो, सहज खतवाल्याकडेही डोकावलो. भाव विचारले. बाकी काही नाही.

भडका


६ नोव्हेंबर

ऐकतेयस का?

लाल फितीची बाजू बघायला हवीस तू. पांढऱ्या बाजूपेक्षा चांगली वीतभर उंच. पानं अशी काळीभोर हिरवी की बाबांनी टेम्पो थांबवून विचारलं, “रंग मारलास काय?” पांढरी बाजू बिचारी दरवर्षीसारखीच, पिवळट, खुरटी. रस्त्यावरून जाणारा आंधळासुद्धा सांगेल तुझी बाजू कुठली ते. दुर्बिणीला आता भिंग लागणार नाही. लांबूनच दिसेल.

फक्त टाकीजवळच्या शेवटच्या ओळींकडे बघू नकोस. त्या लाल फितीतच येतात, पण जरा किरट्या राहिल्यात. शेताची कड आहे, कडेला असं व्हायचंच. आईनं काल विचारलं, “इथं पाणी कमी पडतं काय रे? हाताशी टाकी, आणि हेच बुटकं?” मी म्हटलं, सावली पडते टाकीची. ती टाकीकडे बघत राहिली. मग सूर्याकडे. मग माझ्याकडे. आईला सगळं दिसतं, पण ती बोलत नाही. हा तिचा फार वाईट गुण आहे.

शेडमध्ये परवापासून रिकामे क्रेट धुतोय. फुलोऱ्याला तू येणार, झाडं उपटून मुळं बघणार, हे कागदावर लिहिलंय. म्हणून बसायला एक जागा केलीय. खिडकीखाली टेबल, त्यावर उजेड बरोबर पडतो. टेबलाचा एक पाय लुळा होता, तो ठोकून घेतला. ताई म्हणते, “एवढं तर तू स्वतःच्या परीक्षेलाही केलं नव्हतंस.” आई म्हणते, “ती मुळं बघायला येतेय, तुला नाही. लक्षात असू दे.”

मला सगळं लक्षात आहे. मला कुणी काही शिकवायची गरज नाही.

यातलं काही आवडलं नाही तर एकदा स्पष्ट लिही. टाइप करून लिही हवं तर. पण मला लिही, भगिनीला नको.

भडका


१७ नोव्हेंबर

चिमटाबाई,

आईला तुझी तारीख आली. सव्वीस. बरं.

पण एक भानगड झालीय. गेले काही दिवस तुझी लाल बाजू दुपारी माना टाकते. सकाळी ताठ, बारा वाजले की लुळी, संध्याकाळी परत उभी. पाणी भरपूर आहे. मी पंप दुरुस्त करणाऱ्याला बोलावून आणलं आणि त्याच्यावर ओरडलो. तो म्हणाला, पंपाला काही झालं नाही. मी म्हटलं, मग झाडांना काय झालं? तो म्हणाला, “ते मला काय विचारतोस? मी पंपाचा डॉक्टर.” आणि बिल लावून गेला. मग बाबांवर ओरडलो, कारण ते समोर होते. बाबा म्हणाले, “मी तर फक्त टेम्पो चालवतो बाबा,” आणि टेम्पोत जाऊन बसले. दुपारभर बसून राहिले. मला वाईट वाटलं, पण त्यांनीही काही चहाला खाली यायला हरकत नव्हती.

गंमत बघ. टाकीजवळच्या त्या बुटक्या ओळी दुपारीही ताठ. टाकीच्या ओलीमुळे असेल.

उन्हामुळे होत असेल हे. हो ना? तुझ्या बुरशीचं बिऱ्हाड आत असताना दुसरं काय होणार? मी उपटून बघणार नव्हतो. पहिली झाडं तूच उपटावीस असं ठरवलं होतं. अजून तसंच ठरलंय.

तुझ्या उत्तराची वाट बघून बघून आता मला त्या पोस्टमनचा चेहरा पाठ झालाय. त्यालाही माझा झालाय. लांबूनच मान हलवतो.

भडका


२१ नोव्हेंबर

हे पत्र मातीखाली नाही. बाबांना सकाळी शहरात माल द्यायचाय, ते तुमच्या फाटकावर देतील. शिपायाला सांगणार आहेत की मुळांचं काम आहे, लगेच द्या. खरंच मुळांचं काम आहे. या वेळी तरी आधी वाच, मग चीड.

आज दुपारी मी लाल बाजूतलं एक झाड उपटलं. सगळ्यात देखणं. पाणी मारून मुळं धुतली आणि शेडमधल्या टेबलावर, तुझ्यासाठी केलेल्या टेबलावर, उजेडात ठेवली.

गाठीच गाठी. माळेत मणी ओवावेत तशा.

मी म्हटलं, चुकून एखादं असेल. दुसरं उपटलं, तिसरं उपटलं. हातानं खरवडून बघितलं. पहिल्या वर्षी तूच शिकवलं होतंस मला, दुर्बिणीनं नाही: चांगली गाठ मुळाला बाहेरून चिकटलेली असते, बोटानं अलगद सुटते, फोडली तर आत गुलाबी. वाईट गाठ सुटत नाही, कारण ती गाठ नसतेच, मूळच सुजलेलं असतं. एकही सुटली नाही. मग पांढऱ्या बाजूतलं उपटलं. तेच. अगदी तेच. वर वीतभराचा फरक आणि खाली काही फरक नाही.

तेव्हा मी तुला काय काय म्हणालो ते लिहीत नाही. मोठ्यानं म्हणालो, क्रेटना ऐकवलं. की तुझी बुरशी मेलेली होती. की पाकिटात नुसती माती भरून पाठवलीस. की मी गुडघे सोलून घेतले आणि तू मला येडा बनवलंस. तुला लगेच कळवणार होतो. कागदही काढला. वर लिहिलं, ‘तुझा विषय बदलूनच टाक.’

आणि मग आई शेडच्या दारात आली. हातात टाकीजवळचं एक किरटं झाड, मुळासकट. पंपाच्या पाइपाखाली धुऊन आणलेलं. टेबलावर माझ्या झाडांशेजारी ठेवलं तिनं.

पांढरी मुळं. अशी पांढरी की मला आधी कळेना मी काय बघतोय. बारीक बारीक तंतूंचं जाळं. सुजलेली गाठ कुठं एखाद-दुसरी. गुलाबीवाल्या भरपूर, बोट लावलं की सुटणाऱ्या.

आई म्हणाली, “ही पण लाल फितीतलीच ना?”

“हो.”

“भुकटी तीच?”

“तीच.”

“मग या बाकीच्यांना काय जास्तीचं घातलंस?”

मी मुळं उलटसुलट करू लागलो. ती म्हणाली, “पेरणीनंतर एका सकाळी मी पंप चालू करायला आले, तर तू टाकीमागं काय लपवत होतास रे? मला वाटलं, सिगारेट.”

तर ते असं आहे. दोन गोण्या दाणेदार खत. पेरणीनंतर लगेचच, लाल फितीच्या सगळ्या ओळींना, मुळाशी. पांढऱ्या बाजूला एक दाणा नाही. टाकीजवळ पोचलो तेवढ्यात आई आली आणि त्या ओळी तशाच राहिल्या. पुन्हा जायचं धाडस झालं नाही.

आता हे कसं ते मला कळत नाही, आणि त्याचाच जास्त संताप येतोय. जिथं मी काही केलं नाही तिथं तुझी बुरशी राबली. जिथं जीव ओतला तिथं ती फिरकलीही नाही. हा काय न्याय आहे? खत म्हणजे विष आहे का? चांगलंच घातलं ना मी? झाड वाढलंच ना? तुझी बाजू उठून दिसावी, दुर्बिणीचं तोंड बंद व्हावं, एवढंच डोक्यात होतं. आणि तू लिहायचं तर नीट लिहायचं होतंस! ‘जास्त काहीही देऊ नये’ म्हणे. असल्या सूचना तर औषधाच्या प्रत्येक बाटलीवर असतात, कोण वाचतं त्या?

खरं तर गप्प बसता आलं असतं. सव्वीसला तू आली असतीस. त्या टेबलाशी बसली असतीस. तुला मी पाणी आणून दिलं असतं. तू देखणी झाडं उपटली असतीस, गाठी मोजल्या असत्यास, ‘बुरशीचा उपयोग नाही’ लिहून निघून गेली असतीस आणि तुझा विषय बुडाला असता. पण आली असतीस. टाकीजवळची ओळ मी तासाभरात उपटून टाकली असती, कुणाला पत्ता लागला नसता.

खोटं कशाला सांगू, अंधार पडेपर्यंत मी तिथं बसून हाच विचार करत होतो.

आता हे वाचल्यावर आमचं शेत तुझ्या यादीतून जाणार, हे मला कळतं. दोन्ही बाजू सारख्या ठेवल्या नाहीत, म्हणजे प्रयोगच राहिला नाही. मग यायचं कारणही राहत नाही. तरी लिहितोय. बुरशी चांगली आहे, एवढं तुला कळायला हवं. बिघडलंय ते बाहेरून.

टाकीजवळच्या ओळी मी तशाच ठेवल्यात. राखण करतोय.


२७ नोव्हेंबर

चिमटाबाई,

कुणालाही पाठवायचं होतंस. शिपायाला पाठवायचं. पण दुर्बीण?

काल सकाळी शेडसमोर गाडी थांबली. मी धावत बाहेर आलो, शर्टाची बटणं लावत, आणि गाडीतून हा उतरतोय! तेच दोन मजली भिंग. आईला नमस्कार केला, म्हणाला, “काकू, शेत कुठंय?” काकू म्हणे! आणि तू भगिनी लिहितेस.

माझ्याकडे बघितलं. “दाढी वाढवलीस,” एवढंच. मी म्हटलं, “हो.” संपली भेटीगाठीची गोष्ट.

मग तो माणूस गुडघ्यांवर बसला, तसाच इस्त्रीच्या पँटमध्ये, आणि लाल बाजूत ओळीओळीनं झाडं उपटत गेला. मला वाटत होतं ओरडेल. मी तयारीत होतो, चार वाक्यं पाठ करून ठेवली होती. तो ओरडलाच नाही. टाकीजवळ पोचला, एक झाड काढलं, भिंग डोळ्याला लावलं आणि कितीतरी वेळ तसाच. मग विचारलं, “बाकीच्यांना स्फुरदाचं खत?”

“दोन गोण्या.”

“पेरणीनंतर लगेच?”

“हो.”

“यावर तिसऱ्या वर्षी अख्खा एक तास होता.”

“मी नव्हतो तिसऱ्या वर्षी.”

“माहितीय,” तो म्हणाला. “तुझी जागा रिकामी होती.”

मग तिथंच बसून त्यानं मला तो तास शिकवला. शेतात. आई टाकीला टेकून ऐकत होती. त्यानं सांगितलं ते असं: बुरशी मुळाला खालून स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, आणून देते, त्याच्या बदल्यात मूळ तिला आत घेतं, खाऊ घालतं. सौदा आहे. मूळ भुकेलं असेल तर तेच बुरशीला हाका मारतं. पण कुणी आधीच तोंडापाशी ढीग आणून ओतला तर मूळ कशाला दार उघडेल? बुरशी बाहेरच राहते. घर रिकामं आणि सूत्रकृमी मोकळे. वरून झाड मात्र खुशालचेंडू दिसतं, कारण पोट भरलेलं. ऊन चढलं की कळतं.

आई म्हणाली, “म्हणजे न मागता वाढून वाढून बिघडवलं.”

दुर्बीण म्हणाला, “अगदी बरोबर.”

दोघंही माझ्याकडे बघत नव्हते. इतकं काळजीपूर्वक बघत नव्हते, की त्यापेक्षा दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं.

तुझं शेत त्यानं बाद केलं. लाल फीत स्वतःच्या हातानं काढली. पण टाकीजवळची मुळं ओल्या फडक्यात गुंडाळून घेतली आणि म्हणाला, यावर हा हंगाम धरता येणार नाही, पण आणखी एक हंगाम मागता येईल. म्हणजे तुझा विषय अजून शिल्लक आहे. माझ्या नशिबानं शिल्लक राहिलाय, माझ्या कर्तृत्वानं नाही, हे मला कुणी सांगायला नको.

जाताना गाडीच्या खिडकीपाशी मी विचारलंच. म्हटलं, “ती का नाही आली?”

त्यानं भिंग वर केलं. पहिल्यांदा त्याचे डोळे दिसले मला. बारीक आहेत.

“मी तिलाच जा म्हणालो होतो. ती म्हणाली, सर, मी गेले तर तो पुन्हा काहीतरी करेल.”

गाडी गेली. मी तिथंच उभा. ताईनं दारातून विचारलं, “काय म्हणाले?” मी म्हटलं, काही नाही. ती आत गेली आणि चहा टाकला, माझ्यासाठीही, न विचारता. पहिल्यांदा काही टोमणा नाही. तेच जास्त लागलं.

‘काहीतरी करेल.’ हे इतके दिवस कुठं होतं? हे मला त्या दिवशी काचा वेचताना का नाही सांगितलंस? मी ऐकलं असतं. नसतं ऐकलं. माहीत नाही. फार राग येतोय आणि या वेळी कुणावर काढू ते कळत नाहीये, पंपवालासुद्धा नाही समोर.

भडका


३ फेब्रुवारी

गेल्या महिन्यात नवं खोकं आलं. पोस्टमननं लांबूनच हात वर केला, मान नाही हलवली.

खोक्यावर माझं नाव. आईचं नाही. आईनं ते वाचलं आणि खोकं माझ्या हातात देत म्हणाली, “घे, आता तूच हो भगिनी.”

आत दोन फिती, लाल आणि पांढरी. भुकटीची पिशवी. सूचनांचा छापील कागद, तोच. आणि पिशवीच्या लेबलावर, जिथं तारीख टाकायची असते तिथं, हातानं लिहिलेलं:

‘भडका, या वेळी काहीही करू नकोस.’

खाली एक रेघ. शेवटाला वर गेलेली.

मी ते लेबल किती वेळा वाचलं ते लिहीत नाही. त्यात रागही आहे. हसू आहे की नाही, ते ठरवता येत नाही. ताईला दाखवलं. ती म्हणाली, “यात ‘ये’ असं कुठं लिहिलेलं नाही.” म्हटलं, माहितीय. “‘लिही’ असंही नाही.” माहितीय म्हटलं ना.

पेरलं. सरीत भुकटी, वर दाणा, वर माती. दोन्ही बाजू एकसारख्या, एक दाणा इकडेतिकडे नाही. आता उगवून आलंय आणि लाल बाजू अशी काही खास दिसत नाही. पांढरीएवढीच. थोडी पिवळटच म्हण. रोज सकाळी मी कडेला उभा राहतो आणि हात शिवशिवतात. खतवाल्याच्या दुकानावरून जाताना तो आतून ओरडतो, “पाटलूण फाटेल हात खुपसून खुपसून! गोणी देऊ का?” मी हात खिशातच ठेवतो आणि चालत राहतो. भुकेलं ठेवायचं आणि बघत राहायचं, याच्याइतकं अवघड काम मी आजवर केलेलं नाही. काच फोडणं फार सोपं होतं.

हे पत्र नेहमीसारखं मातीखाली घालायला लिहायला घेतलं होतं. निम्म्यावर आल्यावर लक्षात आलं, हेसुद्धा ‘काहीतरी’ मध्येच येतं.

तेव्हा हे इथं, शेडमधल्या टेबलाच्या खणात राहील. टेबलाचा पाय अजून घट्ट आहे. खोकं बांधून ठेवलंय, बाबा उद्या नेतील. त्यात या वेळी फक्त माती आहे. सावलीत ठेवलेली, ओलसर, काहीही न मिसळलेली.